छोटे सर

रविवार, रात्र

दुपारी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. आमच्या बंद पडलेल्या जाहिरात एजन्सीची जागा अखेर भाड्याने गेली, एक तारखेपासून तिथे दाताचा दवाखाना. फर्निचर त्या डॉक्टरांनीच घेतलं म्हणे, कॉन्फरन्सचं टेबलसुद्धा. बोलता बोलता म्हणाल्या, "काय करणार, डिजिटलने खाल्लं सगळ्यांना." मी हो ला हो केलं. रविवारी जेवण झाल्यावर कोण वाद घालणार? पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहून टाकते.

डिजिटलने खाल्लं हे काही खोटं नाही. छापील जाहिरातीवर जगणाऱ्या पुण्यातल्या आमच्यासारख्या मधल्या एजन्सीचं गणित सरळ होतं. वर्तमानपत्राच्या बिलावर १५ टक्के कमिशन, आणि पैसे भरायला साधारण ६० दिवसांची मुदत. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या मुहूर्तांना सराफ आणि बिल्डर पानं घ्यायचे, त्यावर वर्षाचे पगार निघायचे. पानं आटली, पैसा मोबाइलकडे वळला. मोठ्यांच्या पाट्याही उतरल्याच की. १८६४ पासून चालत आलेली जे. वॉल्टर थॉम्प्सन ही अमेरिकन एजन्सी २०१८ मध्ये वंडरमन या दुसऱ्या एजन्सीत मिसळली आणि पुढे ते जोडनावही गेलं. ऑम्निकॉम या जाहिरात समूहाने आयपीजी हा दुसरा समूह विकत घेतल्यावर २०२५ च्या अखेरीस डीडीबी आणि एफसीबी या जुन्या एजन्सींची नावं निकालात निघाली. पण आमच्याच रस्त्यावर, आमच्याच धंद्यातल्या, आमच्याहून लहान दोन एजन्सी अजून चालू आहेत. त्यांना काय वेगळं डिजिटल आलं होतं?

आमच्याकडे छोटे सर आले होते.

सर म्हणजे मालक. एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात नोकरी करून, लूनावरून पेठापेठांत जागा विकत फिरून वर आलेला माणूस. मजकूर वाचताना चष्मा कपाळावर चढवायचे आणि कागद नाकाशी धरायचे. एका सराफाला समोर बसवून "तुमच्या आजोबांचा फोटो काढा, गिऱ्हाईक दागिना बघायला येतं" असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. सराफ उठून गेला. दुसऱ्या दिवशी फोटो काढून जाहिरात घेऊन गेला आणि मग वर्षानुवर्षं हलला नाही. माझ्या पहिल्या पानभर मजकुरावर सरांनी फक्त एक आडवी रेघ मारली होती. तेव्हा राग आला होता, पण रेघ बरोबर जागी होती.

एजन्सी काढताना सुरुवातीचे पैसे सरांच्या बहिणीने दिले होते. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. छोटे सर त्या बहिणीचे चिरंजीव. मुंबईत कुठलासा मॅनेजमेंटचा कोर्स करून आले आणि थेट क्लायंट सर्व्हिसिंगचे, म्हणजे गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले. मुलगा वाईट नव्हता. नम्र होता, दिवाळीला सगळ्यांना स्वतः जाऊन मिठाई द्यायचा. उद्धट, उनाड असता तर बरं झालं असतं, सरांनी चार महिन्यांत घरी धाडला असता.

आणि घराणेशाहीच करायची होती तर सरांना स्वतःची मुलगी होती! मीडिया डिपार्टमेंटला, म्हणजे वर्तमानपत्रांतली जागा घेणाऱ्या विभागात, दीड-दोन वर्षं बसली होती. कुठल्या आवृत्तीचा सेंटिमीटरचा दर काय, रविवारी किती जास्त लागतो, पहिल्या पानासाठी किती चढवतात, सगळं तोंडपाठ. वर्तमानपत्राच्या माणसाकडून अर्ध्या पानाच्या पैशांत वरची एक पट्टी फुकट काढून घ्यायची तिची हातोटी सरांच्याच वळणाची होती. पण ती लग्न होऊन बंगळुरूला गेली, आणि "ती आता तिकडची" म्हणून विषय संपला. जाताना तिला कोणी थांब म्हटलं नाही. वशिल्यातसुद्धा मुलगा-मुलगी असतं, हे मी तिथे पाहिलं.

नातेवाइकाला घेतलं की धंदा बुडतोच, असंही मला म्हणवत नाही. जाहिरातीच्या धंद्यातलं जगभरातलं मोठं नाव डेव्हिड ओगिल्वी, तोही या धंद्यात आला तो थोरल्या भावामुळे. हा भाऊ, फ्रान्सिस, लंडनच्या मॅदर अँड क्राउदर या एजन्सीत होता, त्याने १९३५ मध्ये धाकट्याला आत घेतलं. पुढे १९४८ मध्ये डेव्हिडने न्यूयॉर्कला स्वतःची एजन्सी काढली, तिच्या मागेही भावाची कंपनी उभी होती. याला वशिला नाही तर काय म्हणायचं? पण भावाने बोलावण्याआधी हा गडी स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा कंपनीच्या शेगड्या विकत होता, आणि त्या विक्रीवर त्याने लिहिलेली पुस्तिका वाचूनच लंडनवाल्यांनी त्याला घेतलं. लोकांनी तोंडावर दार लावून घेतलं की काय करायचं, हे तो शिकून आला होता. छोट्या सरांच्या तोंडावर अजून कोणी दार लावलेलंच नव्हतं. आणि आमच्या ऑफिसात तर ते लावायची कोणाची छाती नव्हती.

बदल पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत दिसला. आधी सगळे एका टेबलावर डबे उघडायचे. मग छोट्या सरांबरोबर बाहेर जाणारे चार जण वेगळे झाले. मग त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा ग्रुप. क्लायंट काय म्हणाला ते आम्हाला त्या चौघांकडून कळायचं, तेही त्यांची मर्जी असेल तेव्हा. संध्याकाळी सहानंतर सरांच्या केबिनमध्ये कोण किती वेळ बसलं, यावर उद्याचं वारं ठरायला लागलं. सर हलक्या कानाचे कधीच नव्हते. पण वय झालं होतं, बायपास झाली होती, आणि भाच्याने आणलेली बातमी घरची वाटायची. आम्ही सांगितलेली तक्रार वाटायची.

आमच्या धंद्याला हे फार बाधतं. एजन्सीकडे ना माल ना यंत्रं. "हे चालणार नाही" असं वेळेवर म्हणणारी दोन-चार माणसं, एवढीच काय ती गंगाजळी. आमच्याकडे स्टुडिओतले काका होते. जे.जे.मधून अप्लाइड आर्ट करून आलेले, हाताने अक्षरं काढण्याच्या काळातले, पण श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर नव्या युनिकोडमध्ये टाकताना रफार कुठे उडतो ते नव्या पोरांच्या आधी त्यांना दिसायचं. प्रत्येक प्रूफ त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचं. छोट्या सरांच्या लेआउटवर पहिली लाल खूण पडली त्या दिवशी ती चुकीवरची खूण होती. आठवडाभरात ती "काकांना नवीन काही आवडत नाही" अशी झाली, आणि महिन्याभरात "काका सरांच्या घरच्यांना पाण्यात बघतात". खूण तीच. मग बाकीच्यांनी आपापल्या पेन्सिली खिशात ठेवल्या. कोण कशाला घरच्या भानगडीत पडेल?

मग ते बिल्डरचं पान. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड सक्तीचा केला, चुकलं तर ५० हजारांपर्यंत दंड. काकांनी प्रूफवर लिहिलं, "क्यूआर कुठे?" आणि खाली दोन रेघा. मी शेजारीच उभी होते, तारीखही घातलेली पाहिली. छोट्या सरांचं म्हणणं, तो चौकोन आकाशाच्या फोटोत विद्रूप दिसतो, क्लायंटशी बोलून घेतो. बोलणं झालं की नाही देव जाणे, पान तसंच गेलं. बिल्डरला नोटीस आली. मग आमच्याकडे मीटिंग. जॉबचं पाकीट मागवलं तर त्यात सगळी प्रूफं होती, लाल पेन्सिलीचं तेवढं नव्हतं. छोट्या सरांच्या चौघांपैकी एक जण शांतपणे म्हणाला, "स्टुडिओकडून चेक व्हायला हवं होतं." मी म्हटलं, खूण होती, मी पाहिली आहे. सरांनी माझ्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वेळी सगळ्यांनीच लक्ष द्या."

"सगळ्यांनीच" म्हटल्यावर काका काय समजायचं ते समजले. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, निरोप समारंभ नको म्हणाले. बिल्डर मात्र दंडामुळे गेला नाही. तसले दंड त्यांच्या खिजगणतीत नसतात. त्याने मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "तुमच्याकडे आता जाहिरात तपासतं कोण?" मला उत्तर देता आलं नाही. दोन महिन्यांनी त्याने काम काढून घेतलं.

पैशांचं त्याहून वाईट. आयएनएसची, म्हणजे वर्तमानपत्रांच्या संघटनेची, मान्यता असलेल्या एजन्सीला क्लायंटने पैसे बुडवले तरी वर्तमानपत्राचं बिल चुकवावंच लागतं. म्हणून सरांचा दंडक होता, नवा क्लायंट असेल तर आधी चेक, मग आरओ, म्हणजे वर्तमानपत्राला जाहिरात छापायची ऑर्डर. छोट्या सरांचा एक मित्र प्लॉटिंगच्या धंद्यात उतरला होता. त्याची पानंच्या पानं उधारीवर गेली. अकाउंट्सच्या मॅडमनी, हो, याच मॅडमनी, एकदा आरओ अडवून धरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं टेबल झेरॉक्स मशीनजवळ हलवलं. मित्राचे पैसे आले नाहीत ते नाहीतच, आणि वर्तमानपत्रांनी आमची उधारी बंद केली. शेवटच्या वर्षी आम्ही दुसऱ्या एजन्सीच्या नावावर जाहिराती सोडत होतो आणि कमिशनमधले चार पैसे आमच्याकडे यायचे. डिजिटलचं खापर फोडणाऱ्या मॅडमनी हे विसरावं याची गंमत वाटते. की मुद्दामच विसरल्या? सरांची लाज राखायला माणसं काय काय विसरतात.

बाकीचं मग आपोआप झालं. सर्व्हिसिंगची एक मुलगी सोडून गेली आणि नारायण पेठेत दोन खोल्यांत स्वतःचं काम सुरू केलं. तिच्या मागोमाग तो आजोबांच्या फोटोवाला सराफ गेला. सर म्हणाले, पळवला. लंडनमध्ये १९९४ च्या डिसेंबरात भागधारकांच्या दबावाखाली मॉरिस साचीला त्याच्याच नावाच्या जाहिरात कंपनीच्या अध्यक्षपदावरून काढलं. त्याने दुसरी एजन्सी उभी केली, तर ब्रिटिश एअरवेज त्याच्या मागे तिकडे गेलं. एवढी मोठी विमान कंपनी जर माणसामागे जाते तर लक्ष्मी रोडवरच्या सराफाने का थांबावं? त्याला पाटीशी काय घेणंदेणं? त्याला त्याचा दसरा वेळेवर आणि बिनचूक छापून हवा होता.

सरांना गेल्या महिन्यात एका लग्नात भेटले. थकलेत. भाच्याबद्दल एक शब्द नाही, उलट "पोरगा धडपडतो हो" म्हणाले. मुलीने बंगळुरूला स्वतःची मीडिया कंपनी काढल्याचंही सांगितलं, अगदी कौतुकाने, डोळे लुकलुकवत. मी काही बोलले नाही. एवढ्या वर्षांनी काय बोलणार, आणि जेवणाची पंगतही उठत होती.

छोटे सर आता सासऱ्यांच्या बांधकाम कंपनीत मार्केटिंग बघतात. परवा त्यांचा फोन आला होता, अगदी पूर्वीसारखाच गोड. "ताई, एका प्रोजेक्टचं ब्रोशर आहे, तुमच्याशिवाय कोणाला सांगू? किती घेता हल्ली?" मी आकडा सांगितला, निम्मे पैसे आधी. ते हसले, म्हणाले, आपल्यात काय ताई. मी म्हटलं, आपल्यातच. महारेराचा नंबर आणि क्यूआर कोड पाठवा, तो आला आणि पैसे आले की मजकूर सुरू करते. उद्या पाठवतो म्हणाले. अजून काही आलेलं नाही.