‘तुका म्हणे’ दिसलं तरी गाथा उघडा

घरात कुणी गेलं, नोकरी सुटली, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना, की हल्ली बरेच जण चॅटबॉटला सांगतात, ‘मनाला धीर देणारा तुकोबांचा अभंग दे.’ क्षणात चार कडवी येतात, शेवटी ‘तुका म्हणे’. वाचून बरंही वाटतं. पण तो अभंग गाथेत असेलच असं नाही. मग तो नित्यपाठात शिरतो, व्हॉट्सॲपवरून गावभर फिरतो.

याचं कारण साधं आहे. चॅटबॉट गाथेचं पान उघडून बघत नाही. आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द शोभेल याच्या अंदाजावर ओळ रचत जातो. ‘चित्त’, ‘पाय’, ‘विठ्ठल’ हे शब्द त्याच्या सरावाचे, त्यामुळे घाट हुबेहूब उतरतो. इंटरनेटवर शोधायला लावलं तरी तिथल्या चुकीच्या पोस्टच तो पुन्हा पुढे करू शकतो.

पहिली पारख बोटांवर करता येते. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं ६-६-६-४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ मोजून बघा. जोडाक्षर एकच धरायचं. चॅटबॉट मजकूर अक्षरांऐवजी तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, म्हणून त्याचे चरण सहजी सात-आठ अक्षरांवर जातात. मोजणी जुळली तरी थांबू नका. छापील गाथेच्या अकारादी सूचीत पहिला चरण सापडायला हवा. ‘सकारात्मक ऊर्जा’ दिसली तर सूचीपर्यंत जायचीही गरज नाही.

ज्ञानेश्वरीची ओवी असेल तर अध्याय आणि क्रमांक मागा. बाराव्या अध्यायात प्रचलित प्रतींत २४७ ओव्या आहेत; उत्तरात ‘१२.३१२’ आलं तर हवाला बनावट. क्रमांक प्रतीगणिक थोडे सरकतात, तेव्हा मागच्या-पुढच्या दहा ओव्याही बघाव्यात.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेद निवडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्यात स्वतःची ओवी घुसवणाऱ्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय: ‘तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली’. अमृताच्या ताटात नारळाची करवंटी! दुःखात असलेल्या माणसाच्या ताटात तर ती मुळीच नको.

चॅटबॉटचा खरा उपयोग अर्थ लावताना होतो. छापील प्रतीतली ओवी स्वतः टंकित करा आणि सांगा: ‘पदच्छेद कर, प्रत्येक शब्दाचा अर्थ दे, नवी ओवी देऊ नकोस.’ तरी जुने शब्द कोशात पडताळायचेच. ‘भांगार’ हा शब्द आला की चॅटबॉट आजच्या ‘भंगार’वर घसरू शकतो, ज्ञानेश्वरीत भांगार म्हणजे सोनं. गोव्याच्या कोकणीत सोन्याला आजही भांगर म्हणतात. तसंच ‘नागर’ म्हणजे सुंदर, शहरी नव्हे.

क्रमही महत्त्वाचा. आधी ओवी तीनदा मोठ्याने म्हणा, मग समजलेला अर्थ वहीत दोन ओळींत लिहा, त्यानंतरच फोन हातात घ्या. उलट केलं तर मनन होतच नाही, तयार अर्थच डोक्यात बसतो. शिवाय तुम्ही ‘याचा अर्थ असाच ना?’ असं विचारलंत, तर हे यंत्र बहुधा ‘हो’ म्हणतं. वारकऱ्यांच्या फडावरचे जाणते महाराज ‘नाही, मागची ओवी पुन्हा वाच’ म्हणतील. अडलेली ओवी त्यांच्याकडेच न्यावी.