कोयते घरी असतात तेव्हाचा मेळावा

यंदाही आम्हा दलित ख्रिस्ती लोकांच्या दहा ऑगस्टच्या मेळाव्याला जाऊन आले. अंबडकडच्या आमच्या वस्तीतून अकरा जणी होतो. पहाटेची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास, त्यामुळं आता म्हाताऱ्यासुद्धा मागं राहत नाहीत. फक्त आधार कार्ड विसरू नका, कंडक्टर मागतोच. नांदेड-लातूरकडच्यांनी आदल्या रात्रीच यावं. औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे आमच्या बिशपांच्या देखरेखीखालचा भाग, १९७७ साली झाला आणि सगळा मराठवाडा त्यात येतो. तिकडून सकाळच्या मिस्सापर्यंत, म्हणजे देवळातल्या उपासनेपर्यंत, पोहोचणं होत नाही. मिशनच्या हॉलमध्ये सतरंज्या असतात, पांघरूण मात्र आपलं आणा.

ही तारीख १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं, की हिंदू सोडून दुसऱ्या धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा नाही. पुढं १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. माझी शाळेतली मैत्रीण बौद्ध. आमच्या दोघींच्या आज्या एकाच आडापासून लांब उभ्या राहायच्या, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. तिच्याकडं जातीचा दाखला आहे, माझ्याकडं नाही. जातीवरून कुणी शिवी दिली तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तिच्या बाजूनं उभा राहतो, माझ्या नाही. शिवी देणारा मात्र आमचा धर्म विचारून देत नाही. २००४ साली याविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका गेली, २०२२ साली हा प्रश्न तपासायला माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आम्ही दरवर्षी काळ्या फिती लावतो आणि लावत राहू.

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट जुळून येते. कोयते घरी असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे ऊसतोडीवाल्यांना सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं कारखान्याकडं निघाली, की आमच्या देवळातले निम्मे बाक रिकामे होतात. म्हणून मजुरांचं बोलणं ऐकायचं तर पावसाळ्यातच.

२०१९ चा मेळावा मी विसरणार नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी त्या वर्षी राज्यभर गाजली होती. दुपारी एक बाई उठल्या, माझ्याच वयाच्या. पदराच्या गाठीतून चौघडी केलेला कागद काढला. त्यावर त्यांनी स्वतः खाडे लिहून ठेवले होते, पेन्सिलीनं, एकेक रेघ. पाळीच्या दिवसांचे खाडे, लेकराच्या तापाचे खाडे, आणि पिशवी काढल्यावर टाके ओले असतानाचे. दर खाड्याला पैसे कापलेले. एका कार्यकर्त्यानं, "ताई, थोडक्यात सांगा," म्हटलं, तेव्हा सिस्टर पुढं झाल्या. "माईक त्यांच्याकडंच राहू द्या." बाई अर्धा तास बोलल्या. आमटी-भात गार झाला, पण एक माणूस जागचा हलला नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगाराच्या रास्त मजुरीवर परिपत्रक लिहिलं, हे फादरांच्या तोंडून मी कितीदा ऐकलं होतं. ते कशासाठी लिहिलं असेल, ते मला त्या रेघांवरून कळलं.

पहिल्यांदा येणाऱ्यांनो, सकाळची भाषणं लांबतात, पण म्हणून जेवून लगेच निघू नका. वकील मंडळी दुपारनंतरच बसतात. आजोबा-पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स, रेशन कार्ड, मुकादमाशी झालेला हिशोब, असेल ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. ऑगस्टचा पाऊस कागदाला सोडत नाही. एका वर्षी माझ्या सासऱ्यांचा दाखला असाच भिजून गेला आणि नवा मिळवायला एका कचेरीत चार खेटे घालावे लागले. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आपल्या माणसाच्यासुद्धा नाही. लेकरं आणली तरी चालतात, त्यांच्यासाठी वेगळी खोली असते. परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर स्टँडवरच विचारून घ्या.

आणि नावं जुलैतच आपल्या फादरांकडं किंवा देवळाच्या प्रचारकाकडं द्या. किती तांदूळ शिजवायचा ते त्यावरूनच ठरतं.