साध्या वेशातले मामा

माझे मामा दोन्ही अर्थांनी मामा. आईचे सख्खे धाकटे भाऊ, आणि वर पोलिसात. त्यातही जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत, म्हणजे एलसीबीत. त्यामुळे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी सोडले तर मी त्यांना वर्दीत फारसं पाहिलंच नाही. एरवी अंगात चौकड्यांचा शर्ट, तोही बाहेर सोडलेला. "अरे, सरकारी नोकरीत आहेस, शर्ट आत खोच की," असं आजी मरेपर्यंत म्हणत होती. शर्टाखाली कमरेला पिस्तूल असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मामीचं दुःख वेगळं. वर्दीचं काय, धोब्याकडून कडक इस्त्री करून आणली की काम झालं. साधा वेश रोज डोकं खातो. सराफ बाजारात उभं राहायचं तर एक शर्ट, एसटी स्टँडवर रात्र काढायची तर दुसरा. मामी आठवडी बाजारातून मुद्दाम मळखाऊ रंगाचे शर्ट उचलून आणायची. घालून दाखवल्यावर "छान दिसतोय" असं कुणी म्हटलं, की तो शर्ट बाद. लग्नाला ठेवून द्यायचा.

पुढे मीही त्याच खात्याच्या दारात आले, पण लिपिक म्हणून. पोलीस अधीक्षक कार्यालयात एवढी खाकी असते की तिथे आम्ही बिनवर्दीवालेच उठून दिसतो. रुजू झाले त्या आठवड्यात चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी आलेल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही सीआयडी का?" मी वेतनबिलं करत होते. पण नाही म्हणायला जरा वेळच लावला.

८ डिसेंबर २०२० ला सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक निघालं, तेव्हा आम्हा लिपिकांनाही कळलं की आपल्यालाही वेश आहे. जीन्स-टी शर्ट नको, गडद रंगाचं चित्रविचित्र नक्षीकाम नको, पायात स्लीपर नको आणि शुक्रवारी शक्यतो खादी. चित्रविचित्र म्हणजे नक्की काय, यावर आस्थापना शाखेत दोन दिवस खल चालला. माझ्या एका कुर्त्यावरचे मोर त्यात बसतात की नाही, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मोरांना मीच सक्तीच्या रजेवर पाठवलं. जीन्सवरची बंदी पुढे उठली, मोर मात्र कपाटातच राहिले.

२०२१ च्या जूनमध्ये सीबीआयमध्येही तसाच आदेश आला. संचालक होते सुबोधकुमार जयस्वाल, आपल्याकडचेच माजी पोलीस महासंचालक. जीन्स, टी शर्ट, स्पोर्ट शूज बंद. पुरुषांनी दाढी करून यायचं. मामा तोवर निवृत्त झाले होते. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "त्यांचं ठीक आहे गं. ते लोकांना चौकशीला बोलावतात. आम्हाला लोकांत जाऊन बसायचं असायचं. जुगाराच्या अड्ड्यावर पॉलिश केलेले बूट घालून गेलो तर पत्ते आधीच गोळा."

गंमत अशी, की पोलिसासारखं दिसण्याची खरी हौस तोतयांना. "आजी, पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून पुडीत ठेवा." घरी येऊन पुडी उघडली की आत खडे. पेपरात वाचावं तर फिर्यादीतलं वर्णन बहुतेक वेळा तेच: नीट खोचलेला शर्ट, रुबाब आणि लांबूनच दाखवलेलं ओळखपत्र. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात बजावलंय. आजींना ते कोण सांगणार? त्यांना रुबाब पुरतो.

मामांचा सगळ्यात अवघड वेश आषाढीचा. पंढरपुरात पाकीटमार आणि मंगळसूत्र चोरणारे पकडायला पोलीस वारकऱ्यांच्या वेशात मिसळतात. मामांनी धोतर नेसलं, टोपी घातली, कपाळाला बुक्का लावला, गळ्यात माळ घातली ती तर घरचीच. पहिल्या दिवशी एक म्हातारबा "माऊली" म्हणत पाया पडले. उलट वाकून पाया पडायचं सोडून मामांचा उजवा हात कपाळाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्यांनी तो टोपी सारखी करायला वळवला.

दुसऱ्या दिवशी वाळवंटात बसले असताना शेजारची एक आजीबाई बराच वेळ त्यांच्याकडे खाली मान घालून बघत होती. शेवटी म्हणाली, "पोलिसात हाय न्हवं?"

मामा गार. बुक्का जागेवर, माळ जागेवर, टाळसुद्धा हातात. "कशावरनं आजी?"

"पायावरनं. मान काळी, हात काळं, आन् घोट्यापासनं खाली गोरंपान. बुटातलं पाय हायती ते. चालत आल्याला माणूस असा नसतोय."

मामा काही बोलायच्या आत तिनं आपलं गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बरं झालं गावला. एवढं सांभाळा, मी चंद्रभागेत बुडी मारून येते."