नस दबलेली नव्हती

डाव्या पायातली चप्पल निसटली ते मला कळलंच नाही. दहा पावलं पुढे गेल्यावर बायकोने हाक मारली, "अहो, चप्पल मागे राहिली!" तेव्हा पन्नाशी उलटली होती. कंबर दुखायची, जरा चाललं की पाय जड व्हायचे, बसलं की बरं वाटायचं. कंबरेचा एमआरआय झाला. गादी सरकलीय, नस दबलीय, असं निघालं. या वयात बहुतेकांच्या एमआरआयमध्ये असं काहीतरी निघतंच, हे मला फार उशिरा समजलं.

पट्टा, गोळ्या, व्यायाम यांत आठ महिने गेले. बधिरपणा मांड्यांपर्यंत चढला. लघवीला उभं राहिलं की बराच वेळ सुरूच व्हायची नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. प्रोस्टेट असेल, असं मनाशी धरलं. सांगायला हवं होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी छातीच्या भागाचा एमआरआय काढला. मज्जारज्जूला सूज होती. दाह समजून त्यांनी सलाईनमधून स्टेरॉइड सुरू केलं. दुसऱ्या संध्याकाळी पलंगावरून उतरायला गेलो आणि पाय उभेच राहिले नाहीत. "गुण यायला वेळ लागतो," असं म्हणून तिसरा डोसही दिला. राग येतो तो याचा. आजार दुर्मिळ आहे, निदान चुकू शकतं. पण औषधाने माणूस बिघडतोय म्हटल्यावर फिल्म पुन्हा बघायला नको?

ती बघितली तिसऱ्या डॉक्टरांनी. मज्जारज्जूच्या मागे बारीक काळ्या ठिपक्यांची नागमोडी रांग होती. त्या फुगलेल्या शिरा. 'स्पायनल ड्युरल एव्ही फिस्टुला' हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणात धमनी थेट शिरेला जुळते, धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं. मग मज्जारज्जूतल्या रक्ताचा निचरा तुंबतो आणि तो सुजत जातो. या आजारात स्टेरॉइडने पाय अचानक जाऊ शकतात, हेही त्यांनीच सांगितलं.

नेमकी जागा शोधायला अँजिओग्राफी. जांघेतून नळी घालून एकेका मणक्याच्या धमनीत डाय सोडतात. "श्वास रोखा... सोडा." दर वेळी पाठीत गरम लाट यायची. तीन तासांनी जागा सापडली, छातीच्या नवव्या मणक्यापाशी. तिथूनच मज्जारज्जूला रक्त पुरवणारी मुख्य धमनीही निघत होती, म्हणून नळीतून ग्लू सोडून तो जोड बंद करणं धोक्याचं होतं. ऑपरेशन करून ती शीर तोडली. चप्पल निसटली त्याला तेव्हा सोळा महिने झाले होते.

आता काठी घेऊन चालतो. डावा तळवा अजून बधिर आहे, लघवीचाही त्रास पूर्ण गेलेला नाही.

टाके निघाल्यावर कंबरेची ती पहिली फिल्म सर्जनना दाखवली. त्यांनी तिच्या अगदी वरच्या कडेला बोट ठेवलं. मज्जारज्जूचं टोक जेमतेम दिसत होतं. त्याच्या मागे तीन काळे ठिपके होते.