तिथीची पाऊणपट

पौषातली रात्र. अख्खं घर गोधड्यांत गुरफटलेलं आणि मी तीन वाजता पंखा लावून बसलेली. वैशाखात हेच झालं तेव्हा खापर उकाड्यावर फोडता आलं. गुहागरात वैशाखात घाम यायला वेगळं कारण लागतंच कुठे! पण पौषात उशी भिजली, म्हणजे दोष हवेचा नव्हे, अठ्ठेचाळिशीचा.

लग्नानंतर लवकर मूल होईना, तेव्हा डॉक्टरांनी रोज पहाटे अंथरुणातच ताप मोजायला सांगितलं होतं. उशाशी पाऱ्याचा थर्मामीटर आणि चौकटीची वही. पहिला पंधरवडा ९७.४च्या आसपास, मग एका सकाळी पारा अर्धा अंश वर, तो पाळी येईपर्यंत खाली यायचं नाव घेत नसे. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंगाची ऊब वाढवतं, ती ही. आता, शांत झोप लागायची तर रात्री अंग जरा निवावं लागतं. ते काम मेंदूतल्या घड्याळाचं: डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वर सुमारे २०,००० पेशींचा पुंजका, रोज उजेडावर जुळवून घेणारा. घड्याळ निववायला जातं आणि पाळीआधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन निवू देत नाही. माझी झोप त्या दिवसांत का उडायची, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. घरात त्याला एकच शब्द होता, चिडचिड.

आता पाळी जायच्या वयात ओहोटी इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाला लागलीय. त्यामुळे मेंदूची सोसायची पट्टी अरुंद होते. किंचित ऊब वाढली की त्याला वाटतं अंग पेटलं, आणि घामाचे पाट.

पाळीचं नातं चंद्राशी जोडायची हौस मला नाही. पण आमच्या पोफळीच्या वाडीमागचा समुद्रही सूर्याच्या वेळा पाळत नाही. रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, आणि त्याला कुणी गोळी लिहून देत नाही.

पडवीत सावली हलली. सासूबाई.

"आई, तुम्ही जाग्या?"

"तुझ्या वयापासून. तीन वाजले ना?" त्यांनी अंधारात बोटांवर हिशेब केला. "आज संकष्टी, म्हणजे चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चार त्रिक बारा, बाराचा चौथा हिस्सा तीन. भरती पुरी लागली असेल."

खरंच, गाज अगदी वाडीच्या कुंपणाशी आल्यासारखी वाटत होती.

"पंखा कशाला जाळतेस? इथे येऊन बस."