वहीतला कोयता घेऊन जिनिव्हाला

नंदुरबार स्थानकावर रात्री मुंबईच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी दोन कुटुंबं गोधड्या अंथरून बसलेली, सोबत पातेल्यांचं गाठोडं आणि झोपलेली तीन लेकरं. धडगावच्या बाजूची माणसं. कुणाच्या तरी दहाव्याला गावी आली होती, आता परत ऊसतोडीवर निघाली होती. गाडी एकच. ती बारडोलीला उतरली, मी मुंबईला आणि तिथून विमानाने जिनिव्हाला. मी निघाले होते स्थलांतरावरच्या परिषदेला, आणि त्या परिषदेच्या हिशोबात ही दोन कुटुंबं बसतच नव्हती. त्यांनी ओलांडलेली हद्द दोन राज्यांमधली होती, दोन देशांमधली नव्हती.

परिषद म्हणजे स्थलांतर आणि विकास या विषयावरचं जागतिक व्यासपीठ, ग्लोबल फोरम ऑन मायग्रेशन अँड डेव्हलपमेंट. २००७ साली ब्रसेल्समध्ये सुरू झालं. चौदावी शिखर परिषद २३ ते २५ जानेवारी २०२४ या काळात जिनिव्हात भरली. अध्यक्षपद फ्रान्सकडे होतं, मुख्य विषय हवामान बदल आणि माणसांचं स्थलांतर. इथे होणाऱ्या चर्चेचं बंधन कुठल्याही सरकारवर नसतं, हे आधीच समजून जावं. पण सरकारी प्रतिनिधी, महापौर, कामगार संघटना आणि आमच्यासारखे गावपातळीवर काम करणारे एकाच इमारतीत तीन दिवस भेटतात. धडगाव-तळोद्याच्या माणसाला अशी गाठ दुसरीकडे पडणं कठीण.

आमच्याकडून पुढे कुणी जाणार असेल तर सुरुवात व्हिसापासून करा. स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रत्यक्षात दोन महिने हाताशी ठेवा. निमंत्रणपत्रात राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहून घ्या. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. संस्थेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावं लागतं, म्हणजे मुंबईची एक फेरी आणखी धरा. आमच्या गटातल्या एका ताईंचा व्हिसा वेळेत आला नाही. ऊसतोडीवर सगळ्यात जास्त वर्षं काढलेल्या त्याच होत्या. त्यांच्याऐवजी मी बोलले, याची खंत अजून जात नाही.

सासूबाई निघताना म्हणाल्या, “इतलं दूर कसाले जास वं माय, तठे खाशी काय?” म्हणून बिबड्या (ज्वारीचे पापड), शेंगदाण्याची चटणी आणि दादर ज्वारीच्या कडक भाकरी बांधून दिल्या. त्यावरच दिवस निघाले, कारण तिथलं साधं जेवणही आपल्या हिशोबाने फार महाग. दूध, तूप, मांस यांचे पदार्थ मात्र भारतातून नेता येत नाहीत, तेव्हा तुपातले लाडू घरीच ठेवा. पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी आणि रस्त्यावरच्या कारंज्यांचं पिण्याचं पाणी चांगलं असतं. आपला गोल तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर इथूनच न्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, रेल्वे स्थानक आणि विमानतळावरची तेवढी उघडी.

विमानतळावरून कॉर्नाव्हाँ या मुख्य स्थानकापर्यंत रेल्वेने सात मिनिटं. हॉटेलात किंवा होस्टेलात उतरणाऱ्यांना शहरातल्या बस-ट्रामचं कार्ड फुकट मिळतं, ते मागून घ्या. पंधरा नंबरची ट्राम थेट संयुक्त राष्ट्रांच्या चौकात नेते. तिथे तीन पायांची, बारा मीटर उंचीची लाकडी खुर्ची उभी आहे. भूसुरुंगांनी पाय गमावलेल्यांची आठवण म्हणून १९९७ साली उभारलेली. आमचं सभागृह तिथून चालत पाच-सात मिनिटांवर होतं. जानेवारीत तळ्यावरून सुटणाऱ्या वाऱ्याला तिथे ‘बीझ’ म्हणतात. सातपुड्यातल्या थंडीची सवय असली तरी कान झाकणारी टोपी आणि जाड तळव्याचे बूट न्याच.

मला बोलायला दोन मिनिटं मिळाली होती. दोन मिनिटांत सावकाश बोललं तर दोनशे शब्दही होत नाहीत. मी भाषण आठ वेळा कापलं. मजकूर दुभाष्यांना आदल्या दिवशी द्यावा, हा सल्ला एका जुन्या कार्यकर्त्याने दिला होता, आणि तो फार कामाला आला. त्या मजकुरात मी ‘कोयता’ हा शब्द तसाच ठेवला आणि पुढे लिहिलं: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो, मुकादमाच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचं. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. बाई आजारी पडली की कोयता अर्धा होतो, पण फेडायची उचल पूर्णच राहते.

चहाच्या सुट्टीत ग्वाटेमालाची एक बाई शोधत आली. तिच्या लोकांचंही असंच. डोंगरातली आदिवासी कुटुंबं हंगामात ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर उतरतात. फोनवरच्या भाषांतरातून ती म्हणाली, की आगाऊ पैसे देऊन मजूर बांधून घेण्याला त्यांच्याकडे ‘एन्गांचे’ म्हणतात, म्हणजे आकड्यात अडकवणं. मी तिला ‘उचल’ समजावून सांगितलं. आम्ही अर्धा तास एकमेकींचे दर, तारखा, मुकादमाच्या युक्त्या विचारत बसलो. माझ्यासाठी तीन दिवसांतली सगळ्यात मोलाची बैठक ती होती, आणि कार्यक्रमपत्रिकेत ती नव्हतीच. म्हणून सांगते, प्रत्येक सत्रात बसू नका. निम्मा वेळ बाहेरच्या टेबलांसाठी ठेवा.

बोलताना कशाचा आधार घ्यायचा हेही ठरवून जा. डिसेंबर २०१८ मध्ये मराकेशला स्वीकारलेल्या जागतिक करारात २३ उद्दिष्टं आहेत. करार देशाबाहेरच्या स्थलांतराचा आहे, पण त्यातलं पहिलं उद्दिष्ट अचूक नोंदींचं आणि सहावं न्याय्य भरतीचं. मुकादम आणि उचलीची गोष्ट या दोन्हींशी जोडता येते. विस्थापितांचं बोलायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची अंतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. त्यातल्या सहाव्या तत्त्वात मोठ्या विकास प्रकल्पांमुळे होणाऱ्या विस्थापनाचा उल्लेख आहे. आपल्या अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे नाव तर जगाला तीस वर्षांपासून माहीत आहे. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं, अशी मागणी करणाऱ्या १९९४ च्या जाहीरनाम्याला सरदार सरोवरात बुडणाऱ्या याच गावाचं नाव दिलं होतं. ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी त्यावर सह्या केल्या. एका वयस्क कार्यकर्तीने माझ्या बिल्ल्यावर नंदुरबार वाचून पहिला शब्द उच्चारला तो मणिबेली. नर्मदाकाठच्या वसाहतींत मी दर आठवड्याला जाते, तरी तो शब्द त्या परक्या आवाजात ऐकून अंगावर काटा आला.

शेवटच्या दिवशी दुपारी संयुक्त राष्ट्रांच्या प्रवेशद्वारासमोरच्या रेडक्रॉस संग्रहालयात गेले. सोमवारी ते बंद असतं. पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची माहिती घरच्यांना कळावी म्हणून १९१४ ते १९२३ या काळात तयार केलेली कार्डं तिथे मांडली आहेत. काचेमागे पेट्यांच्या ओळीच ओळी, हातांनी लिहिलेली लाखो कार्डं. संगणक नसताना, युद्ध चालू असताना, त्यांनी प्रत्येक माणसासाठी एक कार्ड लिहिलं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आमच्या गावातून दर दिवाळीनंतर कोण गेलं, कुठल्या कारखान्याकडे गेलं, याची एकमेव नोंद मुकादमाच्या खिशात असते.

म्हणून जाण्याआधी करायचं सगळ्यात मोठं काम व्हिसाचं नाही, वहीचं आहे. आपल्या पाच गावांची तरी वही तयार करा. निघाल्याची तारीख, गाव, कारखाना किंवा शेताचा पत्ता, मुकादमाचं नाव, उचल किती, सोबत मुलं किती आणि त्यांची शाळा कुठे सुटली. रेशनकार्ड सोबत नेलं की घरीच ठेवलं, हेही विचारा. एक पान इंग्रजीत करून घ्या आणि तेच दुभाष्याला द्या. लोकांची नावं परिषदेत वाटू नका, ती वहीतच राहू द्या.

मी परतले तेव्हा हंगाम चालूच होता. त्या आठवड्यात बारडोलीला जाऊन तळावरच्या कोप्यांमधून, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांमधून, नव्याने नोंदी घेतल्या. या वेळी कोयत्याच्या रकान्याचे दोन रकाने केले. दुसऱ्यात बाईचं नाव, तिच्या माहेरच्या गावासकट. पहिल्याच कोपीत नाव विचारलं तर तिने नवऱ्याकडे बघितलं. मी पेन हातात धरून थांबले. मग तिने स्वतःचं नाव सांगितलं.