नळाला पाणी नव्हते त्या दिवशी

आज सकाळी नळाला पाणी आले नाही म्हणून मी घरात सगळ्यांवर चिडलो आणि तोच राग मनात घेऊन सांगलीहून आष्ट्याकडे निघालो. वाटेत गाडी पंक्चर झाली आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळ थांबावे लागले. ताडपत्री आणि पाचटाच्या त्या कोप्यांत बीडकडची कुटुंबे गळीत हंगामभर राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत पहाटेच्या थंडीत उसाचा फड गाठणे त्यांना चुकत नाही. डोक्यावर हंडा आणि कडेवर लेकरू घेऊन एक बाई शेतातल्या विहिरीवरून आली. मी पाणी मागितले नव्हते, तरी तिने तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “उन्हाचं थांबलाय दादा, घ्या.” तिची थोरली मुलगी, शाळेच्या वयाची, मोळ्या बांधायला फडातच होती. तो तांब्या हातात धरताना मला सकाळचे माझे शब्द आठवले आणि मनापासून लाज वाटली. माझी गैरसोय खोटी नव्हती, पण तिच्यापायी आईला दुखवावे इतकी ती मोठीही नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी आईची माफी मागितली.